मादलेनताईच्या फोटोवरची शाल

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहात तेही बसा. खुर्च्या कमी पडल्या तर तांदळाची पोती आहेत भिंतीला, त्यांवर बसा. खानावळ माझीच आहे, कुणी उठवणार नाही.

साठेसाहेब, गुडघा कसा आहे? लिफ्ट आज पुन्हा बंद, तुम्ही कठडा धरून चढत होतात ते मी बघितलं. वहिनी, साखर आटोक्यात आहे ना? रिया बेटा, तुझे डोळे सुजलेत. यासीनभाई, अम्मीचा खोकला थांबला का? काढा करून ठेवलाय, जाताना घेऊन जा. कुलकर्णी, कमरेचा पट्टा न लावता आलात, वहिनींना सांगीन. आणि ती मागची, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या कामगार कॅम्पातली पोरं, दोन बस बदलून आलात, तुम्ही बरे आहात ना? पाणी पिताय ना नीट? लाजून मान हलवू नका. खरं सांगा.

शोकसभेत कुणी असं एकेकाच्या तब्येतीची चौकशी करतं का, असं काहींच्या मनात आलं असेल. मला भाषण जमत नाही. शाळा माझी तिसरीत सुटली. वाचायला शिकलो ते सामानाला गुंडाळून आलेल्या कागदांवर, आणि लिहायला शिकलो ते घरी पत्रं धाडायची होती म्हणून. पत्राला मला एकच सुरुवात येते, आधी घरच्या सगळ्यांच्या तब्येती. शेवटही एकच येतो. ती, जिच्यासाठी आपण जमलोय, ती मराठी माझ्याच पत्रांवरून शिकली. पुढं खासदार झाली तरी तिचा निरोप तसाच यायचा. आधी तुमचे गुडघे, तुमची साखर, तुमचे खोकले. मग काम. म्हणून आज मीही तसंच केलं.

आता तब्येती झाल्या. आता कामाचं बोलतो.

मला राग आलाय. रडायला उभा राहिलो होतो, पण समोर हा फोटो बघितला आणि रडू आत गेलं. मादलेनताईच्या फोटोवर तुम्ही शाल घातलीय. हार समजू शकतो. शाल कुणाच्या डोक्यातून आली?

थांबा, साठेसाहेब. उत्तर आत्ता नको. मी तिथं येतोच.

इथं नवीन पोरं आहेत, त्यांना ती कोण ते माहीत नसेल. फक्त पेपरात आलं असेल, फ्रान्सची एक खासदार गेली, भारतीयांची मैत्रीण होती. मैत्रीण. मांजरालाही माणूस मैत्रीण म्हणतो.

ती इथं आली तेव्हा खासदार वगैरे कुणी नव्हती. एका फ्रेंच कंपनीचं इन्व्हेस्टमेंट्स पार्कात काम चाललं होतं, मोठ्ठ्या शेडमध्ये एसी बसवायचं. तिथं ती सेफ्टी ऑफिसर. डोक्यावर हेल्मेट, नाक उन्हानं सोललेलं. दुपारी माझ्याकडं जेवायला यायची, कारण तिच्या साइटवरची आपली माणसं माझ्याकडं जेवायची. पहिल्या दिवशी तिनं बांगड्याचं सार चमच्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी हातानं. आठवड्यानं म्हणाली, चाचा, आज तिरफळ कमी पडलंय. मी म्हटलं, बाई, तू आता घरातली झालीस, घरातलीच माणसं नावं ठेवतात.

ताई तिला आपल्या पोरांनीच केलं. सगळ्यांत आधी दिलावरनं.

दिलावर. श्रीवर्धनकडचा. एसीचे डक्ट जोडायचा, म्हणजे ते पत्र्याचे मोठे चौकोनी नळ असतात ना छताखाली, ते. अंगानं काटकुळा, म्हणून अडचणीच्या जागी त्यालाच आत घालायचे. भात खायचा तो पातेलं पुसून. मी म्हणायचो, अरे, हे सगळं जातं कुठं? तो म्हणायचा, चाचा, डक्टमध्ये जातं, तिकडं गळती आहे. या इथं, खांबाजवळ बसायचा. यासीनभाई, तुम्ही बसलाय तिथंच.

इथं दुबईत उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद असतं. नियम आहे, चांगला नियम आहे, आणि मला त्याविरुद्ध एक अक्षर बोलायचं नाही. पण दिलावर उघड्यावर नव्हता. तो पत्र्याच्या छताखाली, माळ्यावर होता. कागदोपत्री सावलीत. त्या सावलीत तुम्ही अंडं ठेवलं असतं तर उकडलं असतं. मादलेनताईनं त्या आठवड्यात दोनदा लेखी कळवलं होतं की पंखे लागेपर्यंत त्या माळ्यावर कुणी चढायचं नाही. त्या दिवशी ती अबू धाबीच्या साइटवर होती. आणि इथं कुणीतरी तोंडी सांगितलं, चढवा त्याला, उद्या पाहणी आहे, काम संपवा, यल्ला, चला लवकर. तो चढला. खाली उतरवला तेव्हा अंगाला घाम नव्हता. घामसुद्धा संपला होता.

मग सुरू झाला तो खेळ. फ्रेंच कंपनी म्हणाली, हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदार म्हणाला, आमचा नाही, आम्ही माणसं दुसऱ्याकडून घेतो. ती माणसं पुरवणारी कंपनी बंद पडली, दाराला कुलूप. मरेपर्यंत तो सगळ्यांचा होता. दिलावर जरा चढ, दिलावर जरा वाकून जा. मेल्यावर कुणाचाच नाही. नैसर्गिक मृत्यू. खलास.

त्याच्या आईला मी फोन केला. तिनं आक्रोश केला नाही. एकच विचारलं, चाचा, माझा पोरगा कुणाच्या कामावर गेला? मी म्हटलं, चौकशी करतो. ती बाई आजही ईदेला फोन करते. मुबारक म्हणते, तब्येत विचारते, आणि मग तेच विचारते. कुणाच्या कामावर गेला, कळलं का? तिला दुसरं काही नको आहे. मला सांगा, मी तिला काय सांगू?

मादलेनताईनं नोकरी सोडली. या टेबलावर बसून म्हणाली, चाचा, माझी कंपनी म्हणते तिचा संबंध नाही. आमच्या देशात यासाठी कायदा आहे, पण तो चाळणीसारखा आहे, मधे ठेकेदारांची रांग लावली की मोठी कंपनी भोकातून निसटते. मी घरी जाते आणि ती भोकं बुजवते. मी म्हटलं, कायदे करणारी तू कोण? ती म्हणाली, होईन कुणीतरी.

मला वाटलं, दुःखात बोलतेय. पण ती गेली आणि आपल्या गावातून खासदारकीला उभी राहिली.

आता त्या गावाची गंमत ऐका. डोंगरातलं लहान शहर आहे, आणि त्या शहराचं पोट कशावर चालतं? त्याच एसीच्या कंपनीवर. कारखाना तिकडंच आहे. तिचे वडील तिथं होते, भाऊ आजही तिथं आहे. त्या गावात उभं राहून ही म्हणते, आपली कंपनी परदेशात ज्यांच्याकडून काम करून घेते त्यांच्याबद्दल जबाब तिनं दिला पाहिजे. पहिल्या वेळी सपाटून पडली. शनिवारच्या बाजारात पत्रकं वाटताना पाठीवर अंडं फुटलं. मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, चाचा, तुमच्याकडचं आमलेट बरं होतं.

दुसऱ्या वेळी निवडून आली. कशी आली माहीत आहे? दारोदार फिरली आणि आधी प्रत्येकाची तब्येत विचारली. मला म्हणाली, चाचा, आमच्याकडं राजकारणी आधी कार्यक्रम सांगतात. मी आधी गुडघे विचारले. लोक बोलत बसले. बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिनं कचेरी थाटली. म्हाताऱ्यांची पेन्शन अडली, कुणाचं झाड शेजाऱ्याच्या कुंपणात गेलं, शाळेचा एक वर्ग बंद होणार, सगळं तिथं यायचं. ती ऐकायची, लिहून घ्यायची, मंत्र्याला लेखी प्रश्न टाकायची. भांडून शाळेचा वर्ग वाचवला तिनं. गावाची बस बंद होऊ दिली नाही. कारखान्यातल्या कामगारांना काढायला निघाले तेव्हा गेटवर त्यांच्यासाठी हीच उभी राहिली, तिला अंडं मारणाऱ्यांसाठी. म्हणजे खासदारकी तिनं नीट केली, मंडळी. दिलावर दिलावर करत नुसती बसली नाही. पण दिलावरला विसरलीही नाही.

आणि दरवर्षी ती इथं यायची. स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या तिकिटावर. का यायची? खजूर खायला?

आता शालीचं सांगतो.

खासदार झाल्यावर ती पहिल्यांदा आली तेव्हा साठेसाहेबांनी हॉल घेतला. स्टेज, बॅनर, नऊवारीतल्या मुली, लेझीम. तिला वाटलं, माणसं जमलीत म्हणजे काम होणार. माइक घेऊन ती मराठीत बोलली. म्हणाली, मी कायद्याचा मसुदा मांडणार आहे. माझ्याकडं आकडे आहेत, पण समिती विचारेल, तिथं काम करणारी माणसं स्वतः काय म्हणतात? तुम्ही जे पाहिलं, जे ऐकलं, ते एका कागदावर लिहून द्या. तुमच्या भाषेत द्या, मी भाषांतर करून घेईन. नाव फक्त समितीच्या अध्यक्षांना दिसेल. ही गोष्ट इथल्या कुणाविरुद्ध नाही, माझ्याच गावच्या कंपनीबद्दल आहे.

किती टाळ्या पडल्या. रिया, तू तेव्हा शाळेत होतीस, माझ्या कानात म्हणालीस, चाचा, हर मराठी इज बेटर दॅन माइन. मी म्हटलं, बेटा, कुणाचंही तुझ्यापेक्षा बरंच असेल.

आणि टाळ्या थांबायच्या आत निवेदक म्हणाला, आता मॅडमचा सत्कार. तिनं दोन्ही हात जोडले. म्हणाली, मला शाल नको, मला कागद द्या. आणि सगळे हसले. आठवतं का? सगळ्यांना वाटलं, काय गोड बोलते बाई, किती साधी आहे. हसत हसत तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला. साठेसाहेब म्हणाले, मॅडम, वी विल डेफिनेटली गेट बॅक टु यू. इन्शाल्ला.

पुढच्या वर्षी पुन्हा हॉल. पुन्हा ती म्हणाली, कागद. पुन्हा शाल. त्याच्या पुढच्या वर्षी पैठणी काठाची शाल, जरा भारीतली, कारण कागद दिला नव्हता हे मनात कुठंतरी टोचत होतं. नाही का? माणूस द्यायचं ते देत नाही तेव्हा दुसरंच काहीतरी चकचकीत देतो. आपल्याला सत्कार करता येतो, मंडळी. सत्कार हा आपला हातखंडा. कुणी दारात काम घेऊन आला की आपण त्याला इतक्या मानानं पाटावर बसवतो, इतका ओवाळतो, की बिचारा काम सांगायचं विसरतो. आणि नाही विसरला तर आपण पुन्हा ओवाळतो. तिच्या कचेरीत एक कपाट आहे, त्यात नुसत्या शाली आहेत. तिकडं हिवाळ्यात बर्फ पडतो, तर भेटायला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर घालायची त्या. म्हणायची, दुबईहून आल्यात. तेवढाच काय तो आपला त्या कायद्याला हातभार.

मसुदा समितीपुढं गेला. समितीनं विचारलं, तिथल्या माणसांचं म्हणणं कुठं आहे? तिच्याकडं एक कागद होता. माझा. मी लिहिलं होतं की दिलावर संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्यावर मिठाचे नकाशे असायचे, हात थरथरायचे, आधी लोटाभर पाणी प्यायचा आणि मग जेवायचा. जे पाहिलं तेच लिहिलं. त्यांनी तो वाचला, आणि एकजण म्हणाला, पत्र हृदयस्पर्शी आहे, पण हे गृहस्थ तिथं नव्हते. बरोबरच बोलला. मी नव्हतोच तिथं. मी इथं कांदा चिरत होतो. मसुदा पडला.

तरी ती गप्प बसली नाही. तिकडं सरकारला समोरासमोर प्रश्न विचारायचा असतो तेव्हा खासदाराला दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटं झाली की माइक बंद. तिची पाळी आली तेव्हा आम्ही इथं फोन उभा करून बघत होतो, माझ्या हातात वाढायचा डाव तसाच राहिला. ती उभी राहिली. समोरचे ओरडत होते, मेजं बडवत होते. आणि भाषा कळत नसूनही आम्हाला एक शब्द कळला. दिलावर. तिनं त्याचं नाव घेतलं, सबंध, बापाच्या नावासकट. मग म्हणाली, श्रीव. आणि माइक बंद झाला. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती गावाचं नाव पुरं म्हणून मगच खाली बसली. मंत्री उठला. तो काय बोलला ते ताईनं मग फोनवर सांगितलं. दुःख झालं म्हणाला, आणि म्हणाला, या घटनेत प्रत्यक्ष हजर असलेल्या कुणाचंही निवेदन उपलब्ध नाही.

कुणाचंही निवेदन उपलब्ध नाही. मागची पोरं, तुम्हाला मी काही म्हणत नाही. तुमच्या घरी चार माणसं तुमच्यावर आहेत, तुम्ही घाबरता यात नवल नाही, आणि ती तुमच्याकडं कधी मागतच नव्हती. मी ज्यांना म्हणतोय ते पुढच्या रांगेत बसलेत.

साठेसाहेब, तुम्ही त्या दिवशी त्या शेडमध्ये होतात.

बसा. बसा, गुडघा दुखेल. यात चोरून सांगण्यासारखं काय आहे? या खोलीत निम्म्या लोकांना माहीत आहे. तुम्ही तेव्हा ठेकेदाराकडं साइट इंजिनियर होतात. काम चालू ठेवा हे कुणी सांगितलं, ते तुम्ही तुमच्या कानांनी ऐकलंत. सांगणाऱ्याच्या अंगावर कुठल्या कंपनीचं जाकीट होतं ते तुम्ही पाहिलंत. आणि हेही सगळ्यांना कळू दे, की तुम्ही वाद घातलात. म्हणालात, ताईचं लेखी आहे, मी चढवणार नाही. तुम्हाला बाजूला केलं आणि दुसऱ्याकडून त्याला चढवलं. खाली आणल्यावर ॲम्ब्युलन्सची वाट न बघता तुमच्या नव्या गाडीत त्याला घातलंत, सिग्नल तोडत नेलंत. संध्याकाळी इथं आलात, ताट समोर तसंच, आणि तुम्ही रडत रडत हे सगळं सांगितलंत. अबू धाबीहून धावत आलेली ताई समोर बसली होती. मी ऐकलं. पण ऐकलेल्याचं ऐकलेलं तिकडं चालत नाही. ज्यानं ऐकलं त्यानंच सांगावं लागतं.

तुम्ही वाईट माणूस असता ना, तर मला इतका राग आला नसता. वाईट माणसाकडून मी उधारीचीसुद्धा अपेक्षा ठेवत नाही. पण तुम्ही तर चांगले. सगळं केलंत, आणि शेवटचा एक कागद तेवढा राहिला.

ताईनं विचारलं तेव्हा म्हणालात, मॅडम, नोकरी आहे. ती म्हणाली, बरोबर आहे. मग तुम्ही नोकरी सोडून स्वतःचा धंदा टाकलात, देवाच्या दयेनं चांगला चालला. तिनं विचारलं, म्हणालात, रियाचं शिक्षण होऊ दे. ती म्हणाली, बरोबर आहे. रियाचं शिक्षण झालं. पेढे माझ्याकडंच आले. आता काय राहिलंय, साठेसाहेब? तिचं लग्न? मग नातवंडांची मुंज?

तिच्यावरही मला राग आहे, तो पण आजच बोलून टाकतो. तुमचं नाव तिला माहीत होतं. त्या दोन मिनिटांत तिनं नुसतं नाव घेतलं असतं की अमुक माणूस साक्षीदार आहे, तर तिकडच्या पेपरवाल्यांनी तुमच्या दारात ठाण मांडलं असतं. मी म्हटलं, घे नाव. ती म्हणाली, नाही चाचा, त्यांनी स्वतः म्हणायला हवं, नाहीतर मी पण त्यांना न विचारता माळ्यावर चढवल्यासारखं होईल. असली बाई. मी खानावळवाला आहे, माझ्यात तेवढी सभ्यता नाही. मी नाव घेतलं.

काय म्हणताय? वेळ झाली? अजून तीन वक्ते आहेत? असू देत. जेवण तयार आहे, कुणी उपाशी जाणार नाही. तिचा माइक बंद केला, माझा करू नका.

ती गेली ती कशी गेली? कचेरीचा जिना उतरताना डोक्यात रक्त साकळलं. तिच्या जोडीदाराचा मला फोन आला. जोडीदार म्हणजे नवरा नव्हे. तिकडं खासदारकीला एकट्यानं उभं राहता येत नाही, सोबत दुसऱ्या एकाचं नाव द्यावं लागतं. खासदार मेला की निवडणूक होत नाही, त्या दुसऱ्यानं उठायचं आणि त्या खुर्चीवर बसायचं. तिनं नाव दिलं होतं एतिएनचं. शाळामास्तर आहे, भिडस्त माणूस. एकदा इथं येऊन गेलाय, मिरचीचं लोणचं खाऊन रडलेला, तो.

तो सांगत होता, अंत्ययात्रेला बँड होता, झेंडा होता, तिकडचे खासदार खांद्यावरून घालतात तो तिचा तिरंगी पट्टा पेटीवर ठेवला होता. आणि पहिल्या रांगेत कोण? कंपनीचा मालक. रुमाल डोळ्याला लावून. बोलताना म्हणाला, आमच्या गावाची लेक गेली. ऐकून माझं रक्त उकळलं. मग मला वाटलं, चाचा, तिथं कशाला जातोस, इथं बघ. त्यांनी झेंडा घातला, आपण शाल घातली. जिवंतपणी जे मागत होती ते त्यांनीही दिलं नाही आणि आपणही नाही. माणूस मेला की त्याच्यावर काहीतरी पांघरलं म्हणजे त्याचं तोंड दिसत नाही. सोय होते.

आता एतिएनचं म्हणणं ऐका, ते कामाचं आहे. संसदेत त्यांच्या पक्षाच्या गटाला स्वतःचे कायदे मांडायला वर्षातून एकच दिवस मिळतो. तो दिवस येतोय. कुठला मसुदा घ्यायचा ते या महिनाअखेर ठरणार. तो म्हणाला, चाचा, मी मादलेन नाही. मला दोन मिनिटंसुद्धा बोलता येत नाहीत. गटातले म्हणतात, हा मसुदा एकदा पडलाय, पुन्हा कशाला? त्या शेडमध्ये असलेल्या माणसाचं निवेदन आलं तर मी भांडेन. नाही आलं तर मी तो गुपचूप फायलीत ठेवीन, आणि मला आयुष्यभर वाईट वाटेल. सरळ माणूस, सरळ बोलला.

म्हणजे खुर्ची रिकामी राहिली नाही. तिकडं तिची सोय तिनं करून ठेवलीय. ती गेली तर एतिएन आहे. साठेसाहेब, तुमच्या जागी मी कुणाला उभा करू? त्या शेडमध्ये तुमच्याऐवजी कोण होतं?

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, शेवटी दोन मिनिटं स्तब्धता. मी ती मागणार नाही. तिला दोन मिनिटं मिळाली तेव्हा ती बोलली, माइक बंद झाला तरी बोलली. आणि आपण तिच्या नावानं दोन मिनिटं गप्प बसायचं? गप्प बसणं आपल्याला शिकवायला लागतं का? इतकी वर्षं तेच तर केलं. माझ्या खानावळीत आज स्तब्धता नाही. भांडी वाजली तर वाजू देत.

टेबलावर कागद ठेवलेत, पेनं ठेवलीत. ज्यानं जे पाहिलंय ते त्यानं लिहावं. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, मोडकं लिहा. मी तिसरी शिकलेला लिहू शकलो, तुम्ही तर साहेबलोक आहात. ज्याला लिहायला भीती वाटते त्यानं लिहू नये, जेवावं आणि सुखानं घरी जावं, मी त्याच्या पानात एक मासा जास्तच वाढीन. पण भीती गेल्यावरही जो लिहीत नाही, त्यानं पुन्हा माझ्या दारात कुणाचा सत्कार ठेवू नये.

आणि ती शाल उतरवा, साठेसाहेब. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तुम्ही घातलीत, तुम्हीच उतरवा.

रिया, तू बस बेटा. त्यांना जमेल.

सावकाश या. खुर्चीचा आधार घ्या. हां. फोटोची काच सैल आहे, एका हातानं धरा. घडी घालू नका, अशीच द्या माझ्याकडं. मागच्या पोरांत कुणाला तरी कॅम्पात एसीची थंडी वाजत असेल, त्याला होईल.

आता दिसतेय बघा नीट. नाक सोललेलंच आहे अजून.

मादलेनताई, तू इथं सगळ्यांच्या तब्येती विचारायचीस, तर सगळे ठीक आहेत. साठेसाहेबांचा गुडघा सुजलाय, पण ते इथवर चालत आले. दिलावरच्या आईची नजर अधू झालीय, कान चांगले आहेत. ईद जवळ आलीय, तिचा फोन येईल. एतिएनला आमचा सलाम सांगितलाय.

साठेसाहेब, हे पेन. जागेवर जायची गरज नाही, इथंच बसा, खांबाजवळ. यासीनभाई जागा देतील. पत्राची सुरुवात सुचली नाही तर आधी तिथल्या मंडळींच्या तब्येती विचारा, पुढचं आपोआप येतं. सगळ्यांनी आपापल्या जिवाला जपा, पाणी पीत जा. बाकी सर्व क्षेम. पत्र मिळताच उत्तर लिहा. खूप उशीर झालाय, म्हणून लवकर लिहा.